भर दुपारची तिसरी हाक

प्रिय मार्थाबाई,

उद्या तुमच्याकडे मृतांचा दिवस. तुमच्या कबरीवर मेणबत्ती लावायला मी येणार आहे. पण तिथे तुमच्या घरचे असतील, त्यांच्यासमोर हे बोलता येणार नाही. म्हणून आजच लिहिते. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिते आहे, हसाल तुम्ही. कोरा कागद मोडवत नाही.

तुम्ही गेलात आणि भुईगावातली तुमची नर्सबाईंची फेरी बालवाडीला जोडली. मुलांचा खाऊ, टोचणं, बाळंतिणीची चौकशी, सगळं एका जागेहून. चांगलंच झालं. कुठल्या घरी बाळ आलंय ते बालवाडीच्या बाई सांगतात. नव्या नर्सबाई बिचाऱ्या भर उन्हात जातात, एक हाक मारतात, थांबतात आणि परततात. दारं उघडतच नाहीत.

दुपारच्या पहिल्या हाकेला आम्ही ओ देत नाही, हे त्यांना कोण सांगणार? नको ते असतं, ते एकदाच हाक मारतं. तुमचे फादर हे मानत नाहीत, तरी तुम्ही न हसता तीनदा हाक मारायचात. मग म्हणायचात, "वहिनी, पायांवर पाणी द्या." पाय धुऊनच बाळंतिणीच्या खोलीत. ही रीत कुणाला तरी सांगून जायचं होतंत, बाई!

आता ठरत होतं म्हणे, घरं बंदच असतात तर फेऱ्या कशाला? बायांनीच बाळं घेऊन बालवाडीत यावं. ओली बाळंतीण कशी जाणार?

माझी सुनंदा पहिल्या बाळंतपणाला आली आहे. गेल्या सोमवारी तिचं बाळ नुसतं निजून होतं. सकाळपासून अंगावर प्यायलं नव्हतं. माझ्या सासूबाई म्हणाल्या, गुणाचं आहे, उठवू नका. वाडीत पान हलत नव्हतं. तेवढ्यात बाहेरून हाक आली. मी सुनंदाला गप्प राहायची खूण केली आणि देवाचं नाव घेत बसले. हाक विरली. बराच वेळ काही नाही.

मग दुसरी. मग तिसरी, अगदी दाराच्या फळीला तोंड लावल्यासारखी. आवाज मी ओळखला होता.

"आई, मार्थाबाई आल्यात," सुनंदा म्हणाली. "पायांवर पाणी दे ना त्यांना."

तुम्ही गेल्याचं तिला कोणी सांगितलेलंच नाही. गरोदर बाईला, ओल्या बाळंतिणीला मरणाची बातमी सांगत नाहीत.

मी तांब्या घेऊन अडसर काढला. ओटीवर कोणी नव्हतं. लांब, केळींच्या पलीकडे, नव्या नर्सबाईंची पाठ दिसली. मी धावत त्यांना गाठलं. त्या म्हणाल्या, "मी तर एकदाच हाक मारली हो. कोणी नाही म्हणून निघाले."

घरात येऊन बाळाला हात लावताच त्यांचा चेहरा उतरला. गार पडलं होतं ते. पोटाशी धरून, चमच्याने दूध पाजत त्यांनी ते दवाखान्यात नेलं. मुलगी आहे, बाई. काल घरी आली. आज दूध ओढते आहे.

सुनंदा विचारते, मार्थाबाई दारातूनच का परतल्या? काय सांगू मी तिला?

सासूबाई सुनंदापाशी बसतील. परवापासून नव्या बाईंबरोबर दारोदार मी जाईन, हाका मी मारीन. तुम्ही आता विसावा घ्या. आणि कधी आलातच, तर तुम्हाला तीनदा हाक मारायला लावणार नाही.

तुमची,
कमलवहिनी