मधल्या विहिरीची चिठ्ठी

बाई, तो पोटात वाळू असलेला दगड अजून माझ्याकडेच आहे. काल कपाट आवरताना हाताला लागला, आणि घरात कुणी नव्हतं तरी तोंड लपवावंसं वाटलं. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, मी तुमच्या त्या वेळच्या वयाच्याही पुढे गेले. पण तुमच्याशी एकदा खरं बोलायचं राहूनच गेलं. तुम्ही होतात तेव्हा जीभ टाळ्याला चिकटलेली, आता सुटून काय उपयोग?

तुम्ही भूगोल शिकवायच्या, आणि दिवाळीच्या सुट्टीत लोक माहेरी जातात तशा तुम्ही मारवाडात दगड शोधायला जायच्या. सगळी शाळा हसायची. मीही हसायचे, आधी तुमच्या वर्गात बाकावर बसून आणि मग त्याच शाळेत नोकरीला लागल्यावर शिक्षकांच्या खोलीत. विद्यार्थिनी असताना एकदा टेमघरकडच्या खाणीतून मी एक चकचकीत खडा आणला होता. तुम्ही विचारलंत, "कुठला?" "खाणीतला, बाई." "खाण काय एवढीशी असते का गं? वरच्या थरातला की खालच्या? कुठल्या अंगाचा?" मी नुसता खडा उलटासुलटा करून बघितला. "मग ने घरी, सागरगोटे खेळ. ठिकाण गेलं की दगड मुका झाला." साऱ्या वर्गासमोर म्हणालात. त्या दिवशी तुमचा नियम पाठ झाला. दगड उचलायच्या आधी चिठ्ठी लिहायची, जागच्या जागी, आणि शाईने. पेन्सिलीनं लिहिलं की माणूस खोडायला मोकळा, असं तुम्ही म्हणायच्या.

सत्तर साल उलटून गेलं होतं, मी शाळेत शिकवायला लागले होते, माझ्या लग्नाआधीची शेवटची दिवाळी. तुम्ही म्हणालात, चल माझ्याबरोबर. वडिलांनी एका शब्दाने अडवलं नाही. उलट दगड गुंडाळायला घरच्या लूमवरचं वाया गेलेलं सूत पिशवीभर दिलं. बाडमेरच्या अलीकडे कुठल्याशा गावात आपण उतरलो आणि मला रडूच यायचं बाकी होतं, कारण जिकडे बघावं तिकडे वाळू. यात दगड शोधायचे कुठे? तुम्ही मात्र सरळ एका झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्याकडे जाता. आयुष्यभर विहिरी खणलेला माणूस. तो विचारतो, "पानी देखने आए हो, बाईजी?" आणि तुम्ही आपल्या भिवंडीच्या हिंदीत सांगता, "नाही बाबा, पानी के पहले जो निकला ना, वो दिखाओ." म्हातारा खो खो हसतो आणि काठी घेऊन उठतो. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाळूने झाकलेलं सगळं विहीर खणणाऱ्यांनी आधीच वर आणून ठेवलेलं असतं. आपण फक्त विहिरीशेजारचे ढिगारे बघायचे, आणि तेही सकाळी, ऊन तिरपं असताना, म्हणजे खडा लांबूनही चमकतो.

त्या एका दिवसात त्याने तीन गावांच्या तीन विहिरी दाखवल्या. तुम्ही त्याच्याशी बोलत, वहीत लिहीत असायच्या आणि ढीग उपसायला मी एकटी. ऊन मी म्हणत होतं. दर खड्याला पिशवी उघडा, टोपण काढा, लिहा, फुंकर मारा! बाई, मला कंटाळा आला. आमच्या घरी चार लूम. शिफ्टभर कापडाचे तागे उतरायचे आणि त्यांच्यावर खडूने नंबर पडायचे ते शिफ्ट संपल्यावर, एका दमात. वडील कधी चुकले नाहीत, कुठला तागा कुठल्या लूमचा हे त्यांना नुसत्या हाताला कळायचं. मला वाटलं, मी त्यांचीच मुलगी. दिवस मावळताना धर्मशाळेच्या पायरीवर बसून सगळ्या चिठ्ठ्या लिहिल्या. सहा-सात खड्यांचं काही केल्या आठवेना. पहिल्या विहिरीचे म्हणावेत तर तसे, तिसरीचे म्हणावेत तर तसे. म्हणून मी मधली लिहून टाकली. शाईने, सुंदर अक्षरात.

मग कामतघरचं तुमचं स्वयंपाकघर. शेजारच्या लूमने फळीवरच्या बरण्या थरथरतायत, निम्म्या बरण्यांत लोणचं आणि निम्म्यांत दगड. तुम्ही दूध तापवायच्या पातेल्यात एक मळकट खडा हलकेच धुता आणि एकदम ओरडता, "अगं बाई! हे काय आणलंयस तू?" काचेसारखा स्वच्छ खडा, आणि त्याच्या पोटात अडकलेली वाळू, हुबेहूब डमरूच्या आकाराची. असा तुम्ही जन्मात पाहिला नव्हता. चहा तसाच उतू गेला. चिठ्ठीवरची ‘मधली विहीर’ वाचून तुम्ही विचारलंत, "जागच्या जागी लिहिलीस ना?" मी म्हणाले, "हो तर."

पुढच्या दिवाळीला तुम्ही एकट्याच गेलात. माझं लग्न होऊन मी नारपोलीला आले होते. परत आल्यावर भेटायला आलात, ओठ फुटलेले, हातांची सालं निघालेली. "चार दिवस चाळला गं तो मधल्या विहिरीचा ढीग. एक तुकडा नाही." मी पाणी आणायला उठले, म्हणजे तुमच्याकडे बघायला नको. तुम्हीच पुढे म्हणालात, "तुझी चिठ्ठी कशी चुकेल, शाईची आहे. मीच भलत्या विहिरीवर गेले असणार. डोकं चालत नाही आता." तेव्हा सांगायचं होतं, बाई. एक वाक्य होतं. आणि मी काय म्हणाले? "वय झालं, बाई. कशाला करता एवढी दगदग?"

त्यानंतर तुम्ही मारवाडात गेला नाहीत. डोळे मिटून फळ्यावर नकाशा काढणाऱ्या तुम्ही नदीचं नाव सांगायच्या आधी पुस्तक उघडून बघायला लागलात. मुलं एकमेकांना कोपरं मारायची. मी व्हरांड्यातून जाताना बघत होते. तुमच्या डोक्याला काहीही झालेलं नव्हतं, हे अख्ख्या भिवंडीत एकट्या मला ठाऊक होतं, आणि मी पगारी शिक्षिका, डस्टर घेऊन पुढच्या वर्गावर जात होते. थू माझ्या जिण्यावर! निवृत्त होताना तुम्ही सगळे दगड शाळेच्या कपाटाला दिलेत आणि हा एवढा माझ्या हातात ठेवलात. म्हणालात, "तुझाच आहे. तुझं लिहिलेलं पक्कं असतं."

हे पत्र टाकणार कुठे? तुमच्या घराच्या जागी आता कापडाचं गोदाम आहे. घडी घालून दगडाच्या डबीतच, अगदी तळाशी ठेवते. काल एक नवी चिठ्ठी मात्र लिहिली, "ठिकाण माहीत नाही." जुनी फाडायला हवी होती, ती फाडली नाही, नवी तिच्या खाली सरकवली. माझ्यामागे मुलं डबी उघडतील तेव्हा वरची वाचतील. आणि खालची, बाई, मी पेन्सिलीने लिहिली आहे.