यतीनपेक्षा फूटभर मोठं

रविवार, ७ सप्टेंबर २०२५. संध्याकाळी ७.
अकरा वर्षं ऑफिसमधली मराठी मंडळी दर रविवारी दिल्लीतल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये झब्बू खेळायला येतात. आज कोणी नाही. त्यांच्यातल्याच यतीनने फरीदाबादच्या फ्लॅटवर पूल टेबल घेतलंय, सगळे तिकडे. मला जळफळाट वगैरे अजिबात झालेला नाही. दहा जणांचे पोहे उरले.

रविवार, १४ सप्टेंबर.
गेलो. नुसतं बघायला. टेबल जेमतेम सात फुटी. यतीन प्रत्येकाला स्टिक धरायला शिकवतो. अलकालाही शिकवली. बॉल आत गेल्यावर ती जी हसली, तशी आमच्या लग्नातसुद्धा हसली नव्हती. परतताना मेट्रोत सहा वेळा ‘यतीनभावजी’ म्हणाली.
संकल्प : आपलं आठ फुटी.

मंगळवार, १६ सप्टेंबर. लंच टाइम.
करोल बागेत चौकशी. दुकानदार म्हणे, कमरा कितना बडा है? स्टिकसाठी चारही बाजूंना पाच-पाच फूट सोडा म्हणे. गिऱ्हाइकाला घाबरवायची सवयच असते यांना. अ‍ॅडव्हान्स दिला.

शनिवार, २० सप्टेंबर.
हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरून टेबल आखलं. बसतंय! सोफा विकून टाकला. पाहुणे बसणार कुठे, असं अलका विचारते. पूल उभ्याने खेळतात, एवढं भावजींनी शिकवलेलं दिसत नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा.
टेबल आलं! आत दगडी लाद्या, उचलायला सहा माणसं, दुसरा मजला. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. पहिल्या शॉटसाठी स्टिक मागे ओढली आणि शोकेसची काच गेली. तीन बाजूंना स्टिक भिंतीला लागते. चौथी बाजू बिल्कुल ओके, बाल्कनीचं दार उघडं ठेवलं की. खऱ्या खेळाडूला एक बाजू पुरते.
ग्रुपवर फोटो टाकला. यतीनने नुसता अंगठा पाठवला. जळला बिचारा.

रविवार, ५ ऑक्टोबर.
कोणी आलं नाही. ऊन फार होतं.

रविवार, १२ ऑक्टोबर.
ऊन नव्हतं. तरी नाही.
यतीनचा राग येतो. लिहून टाकतो, कोण वाचतंय! असं काय आहे त्याच्यात?

सोमवार, १३ ऑक्टोबर.
यतीनची नागपूरला बदली!! ऑफिसभर पेढे मीच वाटले. दिवाळीनंतर लगेच जाणार. म्हणाला, शशिकांत, टेबल सोसायटीला देऊन टाकतोय. आता रविवार परत आपले.

रविवार, २ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.
सगळे आले! सूर्यकांत तर नोएडाहून आला. स्टिकला लावायचे नवीन खडू काढून ठेवले होते.
आल्याआल्या उल्काने यतीनला व्हिडिओ कॉल लावला. मग तासभर सगळे टेबलाभोवती वाकून उभे. प्रत्येकाला त्याला दिसायचं होतं. स्टिकला कोणी हात लावला नाही.
शेवटी यतीननेच विचारलं, शशिकांत कुठे दिसत नाही तो?
अलका म्हणाली, फोन त्यांनीच धरलाय.