शून्य अपघातांची कंपनी

३ मार्च, सोमवार
आजपासून मी वाहतूक सुरक्षा प्रमुख. खात्यात मी एकटाच आहे, पण पद ते पदच.
पार्श्वभूमी: गेल्या महिन्यात आमच्या कारखान्याचे कमोड घेऊन निघालेला ट्रक घाटात उलटला. कमोडांचा चुरा, ड्रायव्हरचा पाय मोडला. मालकांनी हुकूम काढला की यापुढे कुठल्याही ट्रक कंपनीला काम देण्याआधी तिचं सुरक्षेचं रेकॉर्ड तपासायचं, गाड्या प्रत्यक्ष बघायच्या, ड्रायव्हरांशी बोलायचं आणि मगच सही करायची. मी म्हटलं, आठवड्यात काम फत्ते.
संकल्प: रोज पहाटे उठून ट्रकच्या अड्ड्यावर जाणे. नवे बूट, टॉर्च, करारी चेहरा.

४ मार्च, मंगळवार
उठायला उशीर झाला. अड्डा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. शिवाय नव्या बुटांना ग्रीस लागलं तर पुसणार कोण? बायकोला विचारलं. ज्याचे बूट त्याने, म्हणाली. या घरात कामाची कदर नाही.
ऑफिसात बसूनच तपास सुरू केला. हल्ली सगळं फोनवर होतं.

६ मार्च, गुरुवार
तीन कंपन्यांकडून रेकॉर्ड मागवलं.
पहिली कंपनी जुनी. मालकीणबाईंनी ही जाडजूड फाइल पाठवली. कुठे आरसा घासला, कुठे टायर फुटला, कुठे ड्रायव्हरला डुलकी यायला लागली म्हणून गाडी बाजूला घेतली, सगळं लिहिलेलं. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा. फोन करून तसं सुचवलंही. त्या म्हणाल्या, लिहून ठेवतो म्हणून तर दुसऱ्यांदा होत नाही. बोलायला गोड आहेत. नापास.
दुसरीने फोनच उचलला नाही. नापास.
तिसरीचं पत्र एका ओळीचं: अपघात शून्य, दंड शून्य, तक्रारी शून्य. याला म्हणतात कंपनी. वाचून ऊर भरून आला.

७ मार्च, शुक्रवार
तिसरीचे मालक स्वतः भेटायला आले. पांढरे बूट, हात मिळवला तो पक्कडीसारखा. मी माणूस हातावरून ओळखतो. कंपनी किती जुनी, असं विचारलं. अनुभव फार जुना आहे, म्हणाले. नेमकं उत्तर. गाड्या बघायला कधी येऊ, असं विचारलं, तर म्हणाले, तुमच्यासारख्यांनी उन्हात कशाला यायचं, फोटो पाठवतो. इतकी समज असलेला माणूस बऱ्याच दिवसांनी भेटला.
फोटो आला. ट्रक निळा, आरशासारखा चकचकीत. सही ठोकली.
बायको म्हणाली, पांढरे बूट घालून ट्रकच्या अड्ड्यावर वावरणारा माणूस पहिल्यांदाच ऐकते आहे. बायकांचं लक्ष भलतीकडेच.

१० मार्च, सोमवार
मालकांनी पाठ थोपटली. मग सहज सांगितलं की या कारखान्यात त्यांच्या वडिलांपासून एक रीत आहे. लिफ्ट पास करणारा आधी स्वतः लिफ्टमधून जातो. बॉयलर पास करणारा पहिला दिवस बॉयलरपाशी उभा राहतो. तेव्हा ट्रक पास करणारा पहिल्या फेरीला ड्रायव्हरशेजारी बसेल. बुधवारी. घाट उतरून पलीकडे.
मी हसलो. तेही हसले. मग त्यांनी हसणं थांबवलं.

११ मार्च, मंगळवार
सकाळ: कंबर धरली आहे. डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही. शिकतात काय हे लोक कोण जाणे.
मालकांना कळवलं की प्रमुखाने प्रवासात वेळ घालवणं बरं दिसत नाही. त्यांनी विचारलं, ट्रकवर भरवसा नाही का? शंभर टक्के आहे, म्हटलं. मग झालं तर, म्हणाले.
दुपार: निव्वळ कुतूहल म्हणून अड्ड्यावर गेलो. ट्रक निळाच आहे. पण दारावरचा रंग बोटाला लागला, आणि रंगाखाली जुनं नाव. घाटात आमचे कमोड लोळवणाऱ्या कंपनीचं. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, त्या अपघातानंतर पाटी बदलली, माणसं आणि गाड्या त्याच. नव्या नावाची अजून एकही फेरी झालेली नाही, मग अपघात कुठून होणार? पांढऱ्या बुटांचा फोन बंद.
संध्याकाळ: बायको म्हणाली, सरळ सांगून टाका, चूक झाली म्हणून. म्हटलं, तसं केलं तर पद जाईल. आपण आजारी पडू, काम भागेल. ती म्हणाली, तुम्ही नाही बसलात तरी तो ड्रायव्हर बसणारच ना? मी ताट अर्धवट ठेवून उठलो.
निर्णय: उद्या गेल्या गेल्या सांगणार.

१२ मार्च, बुधवार
सकाळ: गेटवर मालकांसह सगळा कारखाना जमलेला. टाळ्या वाजल्या. टाळ्या चालू असताना चूक कबूल करता येत नाही. चढलो. सीटबेल्टचं एक टोक सापडलं, दुसरं नाही.
दुपार, घाटाच्या माथ्यावर, चहाच्या टपरीत: चहा पिता पिता लिहितो आहे.
ड्रायव्हर मऊ स्वभावाचा, कमी बोलणारा. उतार सुरू व्हायच्या आधी त्याने गाडी बाजूला घेतली. म्हणाला, साहेब, खरं सांगू का, या गाडीचा ब्रेक पार तळाला जातो. मी आज येणारच नव्हतो. घरचेही येऊ देत नव्हते. पण कळलं की तपासणारे साहेब स्वतः शेजारी बसणार आहेत. म्हटलं, एवढा मोठा माणूस काही बघितल्याशिवाय बसेल का? तुमच्या भरवशावर आलो. निघू या ना?
त्याने गिअरवर हात ठेवला होता. त्याच्या मनात काडीचीही शंका नव्हती.
मी म्हटलं, नाही बघितलं. काहीच बघितलं नाही. उतर खाली.
मला लाज वाटली. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.
तो खाली उतरला. मग चहावाल्याला म्हणाला, साहेबांच्या चहात साखर जास्त घाल.

१३ मार्च, गुरुवार
अहवाल दिला: प्रत्यक्ष पाहणीत ब्रेक सदोष आढळल्याने प्रमुखांनी प्रसंगावधान राखून ट्रक रोखला. मालकांनी विचारलं, पास कोणी केला होता? अहवालात तो मुद्दा राहून गेला होता.
ड्रायव्हरने ती नोकरी सोडली. आमच्या मालकांनी त्याला बोलावून विचारलं, या प्रमुखाचं काय करावं. वाटलं, आता आपलं काही खरं नाही. तो म्हणाला, काढू नका. साहेब टेबलाशी बसून काय बोलतात ते माहीत नाही, पण ट्रकमध्ये बसले की खरं बोलतात.
त्यामुळे नवा नियम. कुठल्याही ट्रक कंपनीच्या कागदांवर सही यापुढे मी घाटाच्या माथ्यावर, ड्रायव्हरशेजारच्या सीटवरून करायची. बायकोला सांगितलं की बढती मिळाली, फिरतीचं काम आहे.
ऑफिसातली खुर्ची मात्र दुपारीच स्टोअरवाले घेऊन गेले.