धोंड्याच्या महिन्यात उतरवायचं वजन

२ जुलै १९७७

लाकडाच्या टालीवर वजन करून आलो. काटा मागच्या शनिवारी होता तिथंच. मुंगीएवढा हलला नाही. दोन्ही टाइम ज्वारीची भाकर, ताक, पालेभाजी. भात बंद, साखर बंद, चहा फिक्का. रोज सकाळी दौड. अन् वजन तेच! टालवाला गुलाबराव म्हणते, "हवालदार, तुम्ही काई लाकूड नाही, उन्हात ठेवलं अन् हलकं झालं." स्वतःच हसला. मले ते हसणं पसंत नाही पडलं.

ऑगस्टात फौजेचं मेडिकल बोर्ड. तब्येतीची कॅटेगरी दोनदा खाली गेली, आता तिसऱ्यांदा वजन जास्त निघालं तं सरळ घरी. तेरा वर्षं झाली सर्व्हिसले. पंधरा भरल्याशिवाय पेन्शन नाही. म्हणजे ना इकडचा ना तिकडचा. दवाखान्यात होतो तवा बरोबर उतरत होतं. सुट्टीवर घरी पाठवलं अन् गाडी चिखलात फसली.

गुलाबरावच्या काट्यावर माझा भरोसा नाही. लाकडाच्या टालीवरचा काटा गिऱ्हाइकाच्या बाजूनं झुकला असं आजवर कोणी ऐकलं आहे का? चाळीस किलो म्हणून आणलेलं लाकूड घरी चार दिवस पुरत नाही. मग मलेही तो जास्तच भरत असन.

५ जुलै

दौड मारून आलो, बनियन निथळून राहिली होती. पानठेल्यावाला म्हणते, "काहून गा हवालदार, सुट्टी लय लंबी चालली यंदा?" म्हटलं, मेडिकल आहे. "बिमार तं दिसत नाही बावा. चांगले गलेलठ्ठ आहा." मागून एक जण हळूच बोलला, "पळून आला असन."

पळून! एकाहत्तरच्या लढाईत बिनालाइटची गाडी चालवली मी, पुढच्या गाडीच्या मागं लावलेला पांढरा ठिपका पाहत. तवा हे इथं पानाले चुना लावत होते. पण जाड झालो म्हणून काढून राहिले, असं सांगू? त्यापेक्षा भगोडा म्हणलेलं परवडते.

मायले बजावलं, बाहेर कोणी इचारलं तं काई सांगू नको. ती म्हणे, "मले तू काई सांगतलंच नाही, तं मी काय सांगू गा?" बरोबर आहे. घरात फक्त सौ.ले माहीत. तिलेही शपथ घातली आहे.

९ जुलै

किराणावाल्याकडून वीसची दोन लोखंडी वजनं मागून आणली, सरकारी छापाची. सायकलवर टालीवर नेली. गुलाबराव तोंड पाहतच राहिला. "माह्यावर संशय आहे का?" म्हटलं, नाही गा, जरा प्रयोग. एक ठेवलं, दोन ठेवली. काटा एकदम सुतासारखा सरळ.

गुलाबरावनं आज चहा सांगितला नाही. जाताना म्हणला, "चाळीसचं लाकूड पुरत नाही म्हणता ना? वाळलं लौकर जळते, ओलं न्या मग अन् फुंकत बसा."

काटा खरा आहे. म्हणजे पाप दुसरीकडे आहे. दौड मी करतो, ती मले माहीत आहे. राहिलं ताट.

१३ जुलै

मामाजी आले नरखेडवरून. सासऱ्याले मी कधी एवढं खुशीत पाह्यलं नाही. अधिक लागून राहिला चार दिवसांनी, धोंड्याच्या महिन्यात जवायाले जेवाले बोलवायचं, त्याचं निमंत्रण. "जवाईबुवा, मांगच्या अधिकात तुम्ही तिकडे सरहद्दीवर, त्याच्या मांगच्यात लढाईची धामधूम. आता हातात सापडले. सोडत नाही."

म्हटलं, पोट ठीक नाही. पथ्य आहे.

"अधिकात जवाई म्हंजे नारायण. नारायणानं ताट परतवलं तं घरात काय राह्यते?" माय मधातच, "येईन, येईन. त्याच्या बापानंही कधी धोंडे नाही म्हटलं नाही."

सौ. भिंतीले टेकून उभी होती. मी तिच्याकडे पाह्यलं का ती चुलीकडे पाहे. निघताना मामाजी माझ्या पोटाकडे पाहून म्हणतात, "तब्येत चांगली केली. अशीच राहू द्या." अशीच राहू द्या? बगीच्यातल्या झाडाले म्हणावं तसं. हा माणूस उगीच काही बोलणारा नाही. मंडईत संत्र्याचा भाव ठरवतो तवा दुपट्ट्याखाली हात घालून बोटानं बोलतो अन् चेहऱ्यावर रेघ हलू देत नाही.

२१ जुलै

काल नरखेडले गेलो होतो. एस.टी.त अर्धा वेळ उभा, तेवढीच कसरत.

ताट पाहूनच घाम फुटला. पुरणाचे धोंडे, वरून तुपाची धार. अनारसे तेहेतीस, मोजून ठेवलेले, वर दिवा. सासूबाईनं ओवाळलं. मी मनाशी ठरवून गेलो होतो, दोन धोंडे अन् उठायचं. दोन झाल्यावर ताटावर आडवा हात धरला. सासूबाईनं माझ्या हातावरच तूप वाढलं! बोटातून गळून राहिलं, अन् आयाबाया हसून राहिल्या. "हात काहाडा जवाईबुवा, नाही तं मनगटापर्यंत वाढीन." शेवटी पाच खाल्ले. उठता उठता एक अनारसा मीच उचलला. तो कोणी आग्रह केला म्हणून नाही.

दुपारी मामाजी संत्र्याच्या बगीच्यात घेऊन गेले. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं होतं, दोन दिवसांपासून मिस्त्री येऊन नव्हता राहिला. मी खोललं. नोझलमधे कचरा. तासाभरात धडधड सुरू केलं. पाणी पाटात आलं तवा बरं वाटलं, हे कबूल करतो. झाडाखाली बाजेवर अशी झोप लागली का चहाले हलवून उठवावं लागलं.

चहा पिता पिता मामाजी म्हणतात, "नोकरीचं काय जवाईबुवा, आज हाय, उद्या त्याह्यनं नको म्हटलं तं नाही. मले पोरगा नाही. हा बगीचा कोनाच्या हवाली करू?"

त्याह्यनं नको म्हटलं तं! हे यायले कसं माहीत? बोर्डाचं मी इथं कोणाले बोललो नाही. माहीत फक्त एका माणसाले, अन् तिनं शपथ घेतली होती.

परत येताना गाडीत सौ. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी पूर्ण रस्ता जागा.

२२ जुलै

सौ.ले सरळ इचारलं, तुझ्या बापाले तू सांगितलं? म्हणे, "बाप आहे माहा. चेहरा पाहून समजलं असन." चेहरा पाहून बोर्डाची तारीख समजते का? तारीख तं ते नाही बोलले, हे खरं. पण तरी.

आता मी ताटावर नजर ठेवून आहे.

२४ जुलै

सापडलं.

झालं असं. जेवून हात धुतला, बोटं चिकट. भाकर अन् ताक खाऊन बोटं चिकट कायनं होतात? साबण लावला तवा सुटलं. संध्याकाळी बायकांचं जेवण माझ्या मागून असते, पण मी म्हटलं आज सगळे संगं बसू. पाणी आणाले उठली तेवढ्यात मी माझी भाकर मायच्या ताटात टाकली अन् तिची इकडे घेतली. मायची भाकर नेहमीसारखी, कोरडी, ठणठणीत. मायनं माझ्या भाकरीचा तुकडा तोंडात टाकला अन् म्हणते, "अवं बाई! भाकरीत साय मळली काय वं? कोनाचं डोहायजेवन हाय?"

सौ. तांब्या घेऊन दारातच उभी राहिली.

मी ताट सरकवलं अन् बाहेर गेलो. परत आलो तवा ताकाचं भांडं पाह्यलं. ताक कायचं, साईसकट घुसळलेलं दहीच. अन् मी रोज "ताक पितो, ताक पितो" म्हणून मिशीवर हात फिरवत होतो! उल्लूचा पठ्ठा.

२५ जुलै

सकाळी पोरगी शाळेत गेल्यावर भांडण. पूर्ण गल्लीनं ऐकलं असन.

मी म्हटलं, दगाबाज आहेस तू. म्हणाले नव्हतं पाहिजे. म्हटलं.

ती रडली नाही. रडली असती तं बरं झालं असतं. कमरेवर हात देऊन म्हणे, "हो, मळली साय. रोज मळली. काय कराचं ते करा."

काहून?

"काहून म्हणता? लढाईच्या टायमाले पोस्टमन गल्लीत आला का मी आतून कडी लावत होते. तो दुसऱ्याच्या दारी गेला का मंग श्वास घेत होते. मी लग्न नवऱ्यासंगं केलं का सुट्टीसंगं? पोरगी बिमार पडली तवा मी एकटी, सासरे गेले तवा मी एकटी. आता त्याह्यनंच म्हटलं नको, तं मले आनंद झाला. झाला आनंद! लपवून काहून ठेवू?"

अन् पेन्शन?

"माह्या बापाचं पाचशे झाड आहे. तुम्हाले बगीच्यात राहाची लाज वाटते. पोट घेऊन बराकीत लाइनमधे उभं राहाची नाही वाटत?"

मी हात उगारला होता. मारला नाही. मधात माय आली.

मग सौ. एकदम हळू बोलली, "नरम भाकर खाऊन राहिले होते इतके दिवस. तुमच्या जिभेले एक दिवस नाही समजलं?"

साय गरम पाण्यात मळली का चव दबते, असं असन.

मायले आता सगळं समजलं. ती दोन्ही हात कपाळाले लावून बसली. "खाले भेटत नाही म्हनून लोकं फौजेत जातात. तुले खाल्ल्यापाई काहाडून राहिले? हे कोन्तं राज्य हाय गा?"

२८ जुलै

सौ. बोलत नाही. डॉक्टरनं दिलेला पथ्याचा कागद तिनं माझ्याजवळून मागून घेतला अन् चुलीजवळ खिळ्याले टांगला. भाकर माझ्यासमोर थापते, पिठाचा डबा माझ्यासमोर उघडते. ताक इतकं पातळ का तळाचं भांडं दिसते. दोन भाकरी वाढल्या का परात उलटी करून ठेवते.

आता तं जास्तच संशय येऊन राहिला. एवढी सरळ ती कधी नव्हती.

काल पोरीनं पेढ्याचा तुकडा आणून दिला, मैत्रिणीच्या घरचा. सौ.नं पाठवला का तिनं मनानंच आणला, इचारलं. पोरगी रडाले लागली. छ्या. माणूस किती खाली जाते.

५ ऑगस्ट

टालीवर गेलो. उतरलं! काटा चांगला खाली. गुलाबरावनं आज आपणहून चहा सांगितला, बिनसाखरेचा.

घरी येऊन जोरात सांगितलं, सगळ्यांले ऐकू जावं म्हणून. माय म्हणे, "गालं बसले गा तुहे. लोकं सुनेले बोलतीन, फौजी घरी आला अन् वाळवला." सौ. कपडे वाळू घालून राहिली होती. माझा पॅन्ट झटकून दोरीवर टाकला अन् म्हणे, "कंबरेत दोन बोटं आत घेऊन देऊ का?" भांडणानंतरचं हे तिचं पहिलं बोलणं. मी म्हटलं, दे.

तिनं दुपारी बसून शिवूनही टाकला. एवढ्या लौकर हार मानणारी बाई नाही ही. का मानली असन?

१२ ऑगस्ट

बोर्ड झालं. कामठीले छावणीत सकाळीच गेलो. कपडे काढून लाइनमधे आम्ही सातआठ जण. कोणाचा गुडघा, कोणाचा कान, अन् मी एकटा पोटवाला. दौड पास झालो, दम लागला पण पास. मग काटा. हा काटा काही टालीचा नव्हता. दोन किलो जास्त.

मेजर साहेब डॉक्टर माणूस चांगला वाटला. म्हणाले, "हवालदार, मेहनत की है, दिख रहा है। एक मौका और दिला सकता हूँ। लेकिन तुम अपने हाथ से लिख के दो कि नौकरी करना चाहते हो। कल शाम तक।" मग चष्म्यावरून पाहून इचारलं, "चाहते हो न?"

म्हटलं, जी साहब. आवाज इतका बारीक निघाला का साहेबानं पुन्हा पाह्यलं.

साहेबानं असं काहून इचारलं? दुसऱ्या कोणाले इचारलं नाही. गुडघेवाल्याले नाही, कानवाल्याले नाही. मामाजीनं इथपर्यंत काही सांगून ठेवलं का? नाही, नाही. मामाजीची पोच काटोलच्या मंडईपुढे नाही.

घरी सौ.नं इचारलं, "काय झालं?" म्हटलं, उद्या सांगणार आहेत. ती "बरं" म्हणली अन् कणीक मळाले बसली. खोटं बोललो मी. काही गरज नव्हती.

१३ ऑगस्ट

दुपार. कामठीची बस पाऊण तासात आहे.

मायले सकाळीच खरं सांगितलं. मायनं ते सौ.ले सांगितलं असन. सौ.नं उलट पॅन्टले इस्त्री करून खुंटीले लावला. बसच्या पैशाचं इचारलं. मी वाट पाहून राहिलो होतो का ही आता रडन, पाय धरन, पोरीले पुढे करन. काही नाही. नळावर भांडे घासून राहिली. मायही झोपली. पोरगी शाळेत. मामाजी तिकडे नरखेडले. दार सताड उघडं आहे.

कागद समोर घेऊन बसलो आहे. नंबर लिहिला, रँक लिहिली, नाव लिहिलं. पुढे एकच ओळ आहे, मले नोकरी करायची आहे. तेरा वर्षांत यापेक्षा मोठे रिपोर्ट लिहिले मी, अ‍ॅक्सिडेंटचे, पेट्रोलचे. ही ओळ दोन मिनिटाची आहे.

सौ. पदराले हात पुसत दारात आली. "झालं लिहून?"

म्हटलं, लिहून राहिलो.

"लिहा मग. बस जाईन." अन् ती पुन्हा नळावर गेली.

कोणी हात धरून नाही राहिलं माझा. मग मी काहून थांबलो आहे?