बाबा त्या पाणबुडीत उतरले होते

२ डिसेंबर, मंगळवार
परत तीच बातमी. एकाहत्तरच्या युद्धात बुडालेल्या शत्रूच्या पाणबुडीचा सांगाडा पुन्हा शोधून काढला, यंत्राने फोटो घेतले. बाबांनी टीव्ही बंद केला.
संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले. बाबा नेव्हीत डायव्हर होते, त्या पाणबुडीत उतरलेले, हे त्यांना कळलंय. नितीननेच सांगितलं असणार. भाऊ आहे, पण तोंडात तीळ भिजत नाही. रविवारी सत्कार. बाबा नको म्हणत होते; नितीनने आधीच होकार देऊन टाकलेला.

७ डिसेंबर, रविवार
बाळकुमला खाडीकाठी आमची मासेमारीची जाळी जिथे सुकायची, तिथे आता पार्किंग. त्यात मंडप. शाल, नारळ, स्पीकर.
निवेदिकेने विचारलं, शत्रूची पाणबुडी तळाशी पडलेली पाहून कसं वाटलं? बाबांनी माइक हातात घेतला. मग म्हणाले, "पोरं व्हती. माज्याच वयाची."
टाळ्या नाहीत. सेक्रेटरींनी माइक काढून घेतला, घोषणा सुरू. जेवणाच्या रांगेत एक जण मला समजावत होता, वय झालंय त्यांचं.
बाबा आणि मी न जेवता वर घरी आलो.

९ डिसेंबर
कोणीतरी व्हिडिओ टाकलाय. खाली शिव्या. खाडीत कधी घोटाभर पाण्यात न उतरलेले लोक बाबांना देशप्रेम शिकवतायत.

१३ डिसेंबर, शनिवार
फेसबुकवर एका बाईचा मेसेज. तिकडची, सीमेपलीकडची. व्हिडिओ तिच्यापर्यंत पोचला. तिचे वडील त्या पाणबुडीवर होते, ती तेव्हा आईच्या पोटात. आई अजून आहे, अंथरुणाला खिळलेली. एवढंच विचारते: शेवटी त्यांना त्रास झाला का?
नितीनला कल्याणला फोन केला. ब्लॉक कर म्हणाला, उद्या पोलीस दारात येतील, माझी सरकारी नोकरी आहे. सत्काराला पहिल्या रांगेत बसला होता हाच.

१४ डिसेंबर, रविवार
बाबांना दाखवलं. वाचून चष्मा काढून ठेवला. दुपारी आपणहून बोलायला लागले. आईलाही कधी सांगितलं नव्हतं.
पाणबुडी पुढून फुटलेली. मागच्या भागात पाणी उशिरा शिरलं असणार. "सगली दरवाज्याशी व्हती गं. यकमेकांना धरून." दार उघडायला किती धडपडले असतील, ते हातांवरून कळत होतं म्हणे. बाबा वर आले तर साहेबांनी विचारलं, आत कागदपत्रं दिसली का?
जरा वेळाने म्हणाले, "तिला लिव, सगली झोपंत गेली. कललं पन नसंल."
मी म्हटलं, खोटं लिहू? जन्मापासून ती खऱ्याचीच वाट बघतेय ना?
"तिची आय जिती हाय अजून," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

१५
तिला काही लिहिलं नाही. कामावरही लक्ष नव्हतं.

१६ डिसेंबर, मंगळवार
तिचा परत मेसेज. अंकल बरे आहेत ना, माझ्या विचारण्याने त्यांना त्रास तर नाही झाला? अम्मी रोज विचारते, उत्तर आलं का.
'झोपेत' लिहिलं. पुसलं. मग खरं लिहिलं, दरवाज्याच्या वाक्यापर्यंत आले आणि पुढे टाइप करवेना. तेही पुसलं. नितीनचे मिस्ड कॉल.
बाबांनी आतून विचारलं, धाडलंस का?
काहीच पाठवलं नव्हतं, तरी हो म्हटलं.
कुठलं, ते त्यांनी विचारलं नाही.