दूध पावडरच्या डब्यातलं रिव्हॉल्व्हर

करामा, दुबई
४ नोव्हेंबर १९९८

चि. प्रसन्न यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझ्या नाटकातल्या गोऱ्या कलेक्टरच्या हाती लाकडी पिस्तूल पाहून प्रेक्षक हसले, हे वाचून मलाच लाज वाटली. म्हणून उम्म अल कुवैनच्या एका दुकानातून जुन्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरची हुबेहूब नक्कल घेतली. दर वेळी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, मगच चाप दाबायचा. नळी बुजवलेली आहे, गोळी सुटत नाही. दीडशे दिरहम, म्हणजे सतराशेच्या वर. अस्सलाच्या मानाने फुकटच!

आमच्या कंपनीतला केरू फोरमन तासगावला निघालाय. इथे कुणी गावी निघालं की सगळ्यांची पुडकी त्याच्या बॅगेत जातात आणि उघडून बघणं अपमानाचं मानतात. दूध पावडरच्या डब्यात तळाशी ठेवलंय. केरूला सांगितलेलं नाही, स्वभावाने भित्रा आहे, उगाच घामाघूम व्हायचा.

आईला नमस्कार. लोभ आहेच, प्रयोगाचे फोटो मात्र पाठव.

तुझा,
दादा


सांगली
१३ नोव्हेंबर १९९८

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

बूथवरून फोन करायची भीती वाटली, मागे माणसं कान लावून उभी असतात. शेजारच्या मुग्धाताई उद्या दुबईला निघाल्यात, त्यांच्या हाती हे पत्र देतो.

केरूला मुंबईच्या विमानतळावर पकडलं. वस्तूची तपासणी होईपर्यंत तो कोठडीत आहे. त्याची बायको छाया काल आपल्या दारात येऊन रडली. डब्यात काय आहे हे तुम्हाला ठाऊक होतं का, असं विचारत होती. दूध पावडर एवढंच ठाऊक होतं, असं मी म्हणालो. दादा, मी तिच्या तोंडावर खोटं बोललो.

डबा आपलाच आहे, असं केरूने सांगितलंय. तुझं नाव घेतलं तर तुझ्या पोरीचं काय होईल, असं त्याने छायाला भेटीत म्हटलं. त्यामुळे कुणासाठी आणलं, हे पोलीस त्याला पुन्हा पुन्हा विचारतात. दारात मोटरसायकल थांबली तरी मी मागच्या खोलीत जातो. आईला काही कळू दिलेलं नाही. मी जाऊन सांगू का? तू म्हणशील तसं करतो, पण लवकर कळव.

तुझा,
प्रसन्न


करामा, दुबई
१८ नोव्हेंबर १९९८

प्रसन्नभावोजींना नीलिमाचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र वाचून यांनी आधी दाराला कडी घातली. खलास, नोकरी गेली, व्हिसा गेला, पर्णिकाची शाळा गेली, एवढंच घोकत राहिले. थांबू या, केरू सुटेल इन्शाल्ला, असं त्यांचं म्हणणं. मलाही तेच हवं होतं, भावोजी. फार भ्यायले होते मी.

आज मॅनेजर याकूबसाहेबांनी ऑफिसात सांगितलं, की सुट्टी संपली तरी केरूचा पत्ता नाही, त्याचा व्हिसा रद्द करतोय, खोलीही दुसऱ्याला देतोय. तेव्हा मात्र यांच्याने राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. साहेबांनी कंपनीकडे ठेवलेला यांचा पासपोर्ट कपाटातून काढून टेबलावर ठेवला. परत कधी येणार, हे विचारलंही नाही.

दुकानाची पावती घेऊन हे संध्याकाळच्या विमानाने मुंबईला निघालेत, डबा माझा आहे असं सांगायला. यांना तिथेच अडवतील, म्हणून हे पत्र विमानतळावर लिहून त्याच विमानाने पुढे सांगलीला येणाऱ्या राजन यांच्या हाती देते आहे. आधी वाचेन, मगच खिशात ठेवेन, असं ते यांच्यादेखत म्हणाले. तुम्ही आधी छायाताईंकडे जा आणि खरं सांगा.

पर्णिकाला, बाबा आजीला भेटायला गेलेत, असं सांगितलंय. व्हेन इज ही कमिंग बॅक, असं ती सारखी विचारते. निघताना यांनी घराच्या आणि गाडीच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. घराची तरी राहू द्या म्हणून मी पुढे केली, तर यांनी हात मागे घेतला.

लोभ आहेच, आता आधारही द्यावा.

तुमची,
नीलिमा वहिनी