समोरून की मागून

बुधवार, संध्याकाळ. बेलापूर.

शेवटी मागूनच ठरलं. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय, त्याच्या जागी मांडीच्या मागची शीर, म्हणजे टेंडन, काढून बसवणार. मला समोरची हवी होती, वाटीखालची. ती हाडासकट काढतात, लवकर धरते, आणि मला परत कबड्डीत उतरायचंय. डॉक्टरही आधी तेच म्हणत होते. मग त्यांनी सहज विचारलं, गुडघे टेकून बसता का? समोरून काढली तर टेकताना दुखतं.

मी तोंड उघडायच्या आत अब्बा म्हणाले, "पाच वक्त नमाज पढतो, साहेब. सुप्याला कंपनीत लागला तरी चुकवत न्हाई."

सुप्याच्या खोलीवर मी शेवटची नमाज कधी पढलो? आठवत नाही. शुक्रवारी जुम्म्याला मशिदीत जातो, तेही जमलं तर. पण अब्बा इतक्या खात्रीनं बोलले की मी नुसती मान डोलावली. कबड्डीचं पुन्हा विचारायचं राहूनच गेलं.

येताना अब्बांनी बाजारातून प्लास्टिकची खुर्ची घेतली. गुडघा वाकेपर्यंत खुर्चीवर बसून पढलं तरी चालतं, म्हणाले.

ती खुर्ची आता माझ्या खाटेशेजारी आहे. अब्बांनी तिचं तोंड पश्चिमेला, नमाजच्या दिशेला करून ठेवलंय. मघाशी मी तिच्यावर टॉवेल वाळत टाकला होता. आता काढला.